वुडवर्ड ते ग्रँड ब्लँक: एक शर्मन, तीन इंजिनं

डेट्रॉइटला भारतातून पाहुणे आले की मराठी मंडळी त्यांना फोर्ड संग्रहालय दाखवतात, बेल आयलवर फिरवतात आणि नदीपलीकडचा कॅनडा लांबून दाखवून परत पाठवतात. गाड्यांची किंवा लढायांची आवड असलेला पाहुणा असेल तर मी वेगळी वाट सुचवतो: हायलंड पार्क, वॉरन, ग्रँड ब्लँक. दुसऱ्या महायुद्धात या तिन्ही ठिकाणी शर्मन (सैन्याच्या भाषेत एम४) हा अमेरिकन रणगाडा बनत होता, आणि तिन्हीकडे त्याच्या पोटात वेगळं इंजिन होतं. फोर्ड, क्रायसलर आणि जनरल मोटर्स या तिघांनीही त्यात आपापलं इंजिन बसवलं. वाटेत बघण्यासारखं थोडंच उरलंय, म्हणून थोडं वाचून निघावं.

तीन इंजिनं का, ते आधी. मूळ शर्मनमध्ये काँटिनेंटल आर-९७५ हे विमानाचं नऊ सिलिंडरचं गोल इंजिन होतं. दणकट आणि हवेने थंड होणारं, पण तेच विमानांनाही लागत होतं. शिवाय ते उभं बसतं. क्रँकशाफ्ट उंचावर, गिअरबॉक्स पुढे, म्हणून दोहोंना जोडणारा दांडा टरेटच्या (तोफेच्या फिरत्या मनोऱ्याच्या) खालून, पण उंचावरूनच जातो. शर्मन इतका उंच दिसतो तो यामुळे. इंजिन बराच वेळ बंद राहिलं तर खालच्या सिलिंडरांत तेल उतरायचं. तसंच स्टार्टर मारला तर पिस्टन तेलावर आपटून कनेक्टिंग रॉड वाकायचा, म्हणून आधी हँडलने इंजिन हाताने फिरवून घ्यावं लागे. या इंजिनाचा पुरवठा अपुरा पडणार हे दिसताच सैन्याने मोटार कंपन्यांना विचारलं, तुमच्याकडे काय आहे?

हायलंड पार्क हे जवळजवळ चारी बाजूंनी डेट्रॉइटने वेढलेलं छोटं गाव. मध्यवर्ती डेट्रॉइटपासून वुडवर्ड अव्हेन्यूने साधारण १० किलोमीटर. १९१३ मध्ये फोर्डची सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली तो हाच कारखाना. समोर आता ‘मॉडेल टी प्लाझा’ नावाची दुकानांची रांग आहे. गाडी तिथे लावायची आणि मागच्या इमारती बघायच्या. जून १९४२ ते सप्टेंबर १९४३ या काळात फोर्डने इथे आपल्या इंजिनाचे १६९० शर्मन बांधले, त्यांना एम४ए३ म्हणत. त्यांतलं जीएए हे इंजिन म्हणजे फोर्डने विमानासाठी आखलेल्या व्ही-१२ मधून चार सिलिंडर कमी करून काढलेलं व्ही-८. १८ लिटर, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, ५०० अश्वशक्ती. तिघांतलं सगळ्यात सरस तेच, म्हणून अमेरिकन सैन्याने एम४ए३ मुख्यतः स्वतःसाठी राखले. त्याची दमछाक झाली ती पुढे. त्याचीच सुधारित आवृत्ती ४० टनांहून जड अशा पर्शिंग या नव्या रणगाड्यात बसवली, ताकद तेवढीच ठेवली, आणि चढावर रणगाडा धापा टाकू लागला.

हायलंड पार्कहून डेव्हिसन फ्रीवेने (हाही १९४२ चाच) आय-७५ ला लागावं, मग आय-६९६ ने पूर्वेला व्हॅन डाइकला उतरावं. ११ माइल रोड तिथून लगेच. डेट्रॉइटची हद्द ८ माइल रोडला संपते आणि हे रस्ते साधारण एकेका मैलावर आहेत, त्यामुळे नकाशा नसला तरी अंतराचा अंदाज येतो. क्रायसलरचा वॉरनमधला रणगाडा कारखाना, डेट्रॉइट आर्सेनल, तो हाच. सैन्याच्या ताब्यातल्या भागात सहज आत सोडत नाहीत आणि फाटकाजवळ कॅमेरा काढू नये. रस्त्यावरूनच बघायचं.

१९४० च्या जूनमध्ये इथे शेती होती. सरकारी संरक्षण उत्पादनाचं काम बघणारे विल्यम नूडसेन यांनी क्रायसलरचे अध्यक्ष के. टी. केलर यांना रणगाडे बनवाल का म्हणून विचारलं. क्रायसलरच्या माणसांनी तोवर रणगाडा धड पाहिलाही नव्हता. ते सैन्याच्या रॉक आयलंड आर्सेनल या शस्त्र कारखान्यात गेले, तिथून साधारण ८४ किलो वजनाचे नकाशे आले, आणि कुठला भाग कुठे बसतो हे कळावं म्हणून त्यांनी आख्खा रणगाडा आधी लाकडात बनवला. ऑगस्टमध्ये १००० एम२ए१ रणगाड्यांचा करार झाला आणि दोनच आठवड्यांत सैन्याने तो बदलून एम३ (शर्मनच्या आधीचा रणगाडा) मागितला. फ्रान्समधली लढाई पाहून एम२ए१ ची ३७ मिलिमीटरची तोफ पुरणार नाही हे उघड झालं होतं, पण ७५ मिलिमीटरची तोफ पेलणारं टरेट अजून तयार नव्हतं. म्हणून एम३ मध्ये मोठी तोफ बाजूच्या कोनाड्यात बसवली. मारा एकाच बाजूला, उंची अवाढव्य, आणि रिव्हेट मारलेल्या सांगाड्यावर गोळा बसला की रिव्हेटच आत उडायचे.

अल्बर्ट कान यांनी आखलेली मुख्य इमारत ४२० मीटर लांब आणि १५८ मीटर रुंद. छप्पर पूर्ण व्हायच्या आत यंत्रं आली. पहिल्या हिवाळ्यात बॉयलर तयार नव्हता, तेव्हा वाफेचं रेल्वे इंजिन आणून त्याची वाफ फिरवली. एप्रिल १९४१ मध्ये पहिला एम३ बाहेर पडला. डिसेंबर १९४२ च्या एका महिन्यात ८९६, आणि युद्धभरात एकूण २२२३४ रणगाडे.

वॉरनची खरी गंमत म्हणजे ए५७ मल्टिबँक हे इंजिन. नवं इंजिन आखायला वेळ नव्हता, म्हणून क्रायसलरने आपली सहा सिलिंडरची पाच मोटार इंजिनं एका गिअरकेसभोवती पंख्यासारखी बसवली. पाचांचे गिअर मधल्या एका मोठ्या गिअरवर चालतात. ३० सिलिंडर, ३० स्पार्क प्लग, पाच कार्ब्युरेटर, पाच डिस्ट्रिब्युटर. पहिल्या नमुन्यात पाच वॉटर पंपही होते आणि खालच्या कार्ब्युरेटरपर्यंत हात पोचत नसे. मग पंप एकच ठेवला आणि पाचही कार्ब्युरेटर वर एका ओळीत आणले. तरी खालच्या दोन इंजिनांचं काम रणगाड्याखाली आडवं होऊन, तळाच्या झाकणातूनच. पाचांचे थ्रॉटल एकसारखे जुळले नाहीत तर मागे पडलेल्या इंजिनाला बाकीचे चार ओढत बसतात, पेट्रोल जातं आणि ताकद मात्र मिळत नाही. जुगाड वाटावा असा हा प्रकार, पण भाग सगळे मोटारीच्या लाइनवर आधीच बनत होते, हेच त्याचं बळ. इंजिन लांब म्हणून ते बसवलेल्या शर्मनचा, म्हणजे एम४ए४ चा, सांगाडा २८ सेंटिमीटरने वाढवला. प्रत्येक पट्ट्यात ७९ ऐवजी ८३ कड्या आल्या. अमेरिकन सैन्याने त्याला प्रशिक्षणापुरतं ठेवलं. ७४९९ पैकी बहुतेक ब्रिटिशांकडे गेले. त्यांनी त्याला ‘शर्मन ५’ म्हटलं आणि नीट निगा राखली तर हे इंजिन फारसं दगा देत नाही असं त्यांना आढळलं.

तिथून ग्रँड ब्लँक तासाभरावर, आय-७५ ने फ्लिंटच्या दिशेला. जनरल मोटर्ससाठी मोटारींच्या बॉडी बनवणाऱ्या फिशरचा रणगाडा कारखाना १९४२ मध्ये इथे सुरू झाला. इंजिन म्हणजे जनरल मोटर्सची दोन ६-७१ डिझेलं शेजारीशेजारी, मिळून ३७५ अश्वशक्ती. प्रत्येकाला स्वतंत्र क्लच, त्यामुळे एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर रणगाडा रखडत का होईना, परत येतो. एअर क्लीनर धुळीने चोंदले की मात्र दोन्ही गळपटतात. हे डिझेल शर्मन, म्हणजे एम४ए२, मोठ्या संख्येने सोव्हिएत संघाला गेले.

बॉडीवाल्यांचं कसब इथे वेल्डिंगमध्ये कामाला आलं. चिलखती पोलाद जाड आणि कडक. साध्या कांडीने जोडलं तर थंड होताना सांध्यालगत चीर जाते, म्हणून निकेल-क्रोमियमच्या कांड्या वापरत. शिवाय सांगाडा फिरत्या चौकटीत धरून असा वळवायचा की सांधा कायम वेल्डरच्या खाली, आडवा राहील. वितळलेला धातू मग ओघळत नाही, जाड कांडी आणि जास्त करंट चालतो, आणि नवशिक्याच्या हातूनही सरळ सांधा निघतो. डोक्यावर हात धरून केलेल्या वेल्डिंगमध्ये यातलं काहीच जमत नाही.

वॉरनचे एम४ए४ आपल्याकडेही पोचले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या मेक्टिलाच्या लढाईत प्रोबिन्स हॉर्स आणि डेक्कन हॉर्स या भारतीय पलटणींकडे शर्मन ५ होते, आणि एम४ए४ बनवणारा कारखाना क्रायसलरचा हा एकच. अहिल्यानगरच्या (जुनं नगर) रणगाडा संग्रहालयात किंवा कुठल्याही छावणीच्या फाटकावर शर्मन दिसला तर बाजूला उभं राहून चाकांच्या तीन जोड्यांमधली फट बघावी. साध्या शर्मनपेक्षा ती स्पष्ट मोठी असेल, आणि मागच्या इंजिनाच्या झाकणावर पंख्यासाठी काढलेला फुगवटा असेल, तर तो ११ माइल रोडवरून निघालेला.