तुम्ही विचारलंत म्हणून: बाजूने की विरोधात?

लग्नकार्यात भेटलात की विचारता, व्हॉट्सॲपवर विचारता, परवा तर इथं सोलापुरात सात रस्त्याला भाजी घेताना एकांनी गाठलं, की बाई, तुम्ही स्वतः शिकवता अन् देशभर शिक्षणाचा एकच दर्जा ठरवायला तुमचाच विरोध कसा? विरोध आहे असं मी कधी म्हटलंय? मी एवढंच विचारते की तो ठरवणार कोण. तेवढ्यावरून मला कामचुकार म्हणून मोकळे होता तुम्ही.

1976 ला शिक्षण समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे केंद्र अन् राज्य दोघांच्या हातात आलं, तेव्हापासूनची दिल्ली-मुंबईची ओढाताण परत उगाळत नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला अन् जूनअखेर मागे घेतला, तोवर आमची नवी पहिली वर्गात येऊन बसली पण होती. असो.

2017 ला अध्ययन निष्पत्ती आल्या तेव्हा मी खूश होते, खरंच. कुठल्या इयत्तेत पोराला काय यायला हवं ते एकदाचं लिहून मिळालं. तेव्हाची मी आज भेटले तर कडाकडा भांडेन, पण तिचं सगळंच खोडून काढता येईल असंही वाटत नाही.

मग निपुण भारत आलं, लहान वर्गातल्या पोरांचं वाचन-गणित पक्कं करायचं केंद्राचं अभियान. तिसरीच्या पोरानं मिनिटाला 60 शब्द समजून वाचायचे. आमची शाळा पूर्व भागात, बऱ्याच पोरांच्या घरी तेलुगू, आया विड्या वळतात. तपासणीला साहेब आले, मोबाईलवर घड्याळ लावलं, एका पोरीला उभं केलं. उतारा समुद्राचा. पोरगी ‘भरती’वर थांबली, मान वर करून म्हणाली, “पोलीस भरती, सर?” साहेब हसले, मीही हसले, घड्याळ काही कोणी थांबवलं नाही. 38 शब्द.

दुसऱ्या दिवशी तिची आई कारखान्यात विड्या देऊन तशीच शाळेत आली, हाताला तंबाखूचा वास. मी आपली समजावत बसले, की निकष असा असतो, घरची भाषा वेगळी, पोरगी हुशार आहे, मनावर घेऊ नका. तिनं सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाली, “ते ऱ्हाऊ द्या बाई. पोरीला वाचायला येतंय का नाही, तेवढं सांगा की.” म्हटलं, येतंय, हळू येतंय. “हळू म्हंजे किती?” आता यावर काय सांगणार? ज्याला मी एवढा वेळ नावं ठेवत होते तो 38 चा आकडाच तेवढा माझ्याकडे होता. तोच सांगितला.

एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या शिक्षण संशोधन संस्थेच्या, 2022 च्या पाहणीत 20 भाषांना वेगवेगळे निकष काढले होते हे मला माहीत आहे, कृपया परत फॉरवर्ड करू नका. पण घरी तेलुगू बोलून शाळेत मराठी वाचणारी पोरगी त्यातल्या कुठल्या रकान्यात बसवायची? अन् शिक्षणहक्क कायद्यातला प्राथमिकला 30 पोरांमागे एक शिक्षक, हाही निकषच आहे की हो. तो तपासायला मोबाईलचं घड्याळ लावून कोणी आलेलं मी तरी बघितलं नाही. पोरीचा आकडा मात्र लगेच वर जातो अन् त्यावर जिल्ह्याजिल्ह्याची शर्यत लागते.

आमचे हे म्हणतात, तुझा दोन्ही डगरींवर हात. असू दे. निकष काढून टाका म्हटलं तर उद्या त्या आईला मी काय सांगू, अन् आहे तसाच चालू दे म्हटलं तर पोरीला काय?