पंचनाम्याचं पान

बाबांनी आज मला मध्येच थांबवलं. "हे राहू दे. पुढचं वाच." आवाज चढवला नाही, रागावले नाहीत. पण मी पान उलटलं तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि त्यानंतर मी वाचलेलं त्यांच्या कानावर पडलं असेल असं वाटत नाही. अकरा वाजून गेलेत आणि मी अजून त्याच पानाशी अडले आहे.

पुस्तक सावानातलं, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातलं. रहस्यकथा म्हणजे बाबांचा जीव की प्राण. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मी संध्याकाळी वाचून दाखवते आणि ते खुनी कोण याचा अंदाज बांधतात. या कादंबरीत गोदामाच्या मालकाचा खून होतो आणि पहिल्याच दिवशी संशय जातो रात्रपाळीच्या वॉचमनवर. तपास करणारा इन्स्पेक्टर वाईट माणूस नाही, ही या पुस्तकातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट. तो पैसे खात नाही. त्याची बदली होऊ घातलीय, वरून सारखे फोन येतात, "आरोपी कधी पकडताय?" आणि वॉचमन उत्तरं देताना खाली बघतो. तेवढ्यावर साहेबांचं मन ठरतं. पुढे ते शोधत काहीच नाहीत, नुसतं जमवत जातात.

मग ते पान. वॉचमनला बेड्या घालून विहिरीवर नेतात. सोबत दोन पंच, एक चहावाला, एक किराणा दुकानदार. हवालदार झुडपात हात घालतो आणि कोयता बाहेर काढतो. कागद लिहिला जातो. किराणावाला सही करतो तेव्हा त्याच्या डोक्यात एवढंच असतं की गल्ल्यावर पोरगा एकटा बसलाय आणि उधारीची वही उघडीच राहिलीय. इथे बाबा म्हणाले, राहू दे.

भांडी बाजारात दुकान असताना बाबा एकदा पंच झाले होते. मी शाळेत होते. "चला शेठ, पाच मिनिटांचं काम आहे," म्हणून दोन पोलीस त्यांना घेऊन गेले आणि ते दिवेलागणीला परतले. पोलीस ठाणं कुठलं ते लिहीत नाही. चाकू मिळाल्याचा पंचनामा होता, आरोपी म्हणजे एक तरुण पोरगा. पुढे सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात साक्षीला जावं लागलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत असं आई सांगायची. बाकी काही सांगायची नाही. आई असती तर आज तिलाच विचारलं असतं, पण तो विषय नको.

मला जे टोचतंय ते हे: बाबांनी तेव्हा पाहिलं काय होतं? सही केली, साक्ष दिली, पण पाहिलं काय?

हे मला एवढं का लागावं? कारण कायदा तिथेच येऊन थांबतो. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 25 त्यासाठीच होतं. इंग्रजांनासुद्धा आपल्या पोलिसांचा भरवसा नव्हता. पण लगेच पुढे कलम 27. आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढी माहिती पुराव्यात घेता येते. म्हणजे मारून वदवलेलं बाद, पण "त्याने दाखवलेल्या" जागेवर चाकू निघाला की तो टिकला. आणि तो खरंच त्यानेच दाखवला का, हे सांगणार कोण? परिसरातले दोन प्रतिष्ठित रहिवासी. चहावाला, किराणावाला, भांडीवाला. त्यांनी कोर्टात सांगितलं, आमच्यासमोर घडलं नाही, तर ते 'फितूर'. हो म्हणाले तर एक माणूस आत. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले, झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. बाबांच्या वेळी कॅमेरा नव्हता. बाबाच होते.

बाबांच्या कपाटात, औषधांच्या डब्याखाली, मार्च 2019 चं एक वर्तमानपत्र घडी घालून ठेवलेलं आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या 2003 च्या त्या दरोडा आणि हत्याकांडाचा निकाल त्यात आहे. सहा जणांना नाशिकच्या सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी सुनावली. आणि 5 मार्च 2019 ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं तुरुंगात. त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडचे फोटो बघून वेगळेच चार जण ओळखले होते आणि त्या चौघांचा तपासच झाला नाही. न्यायालयाने निकालात लिहिलं की ही भटक्या जमातीतली, अत्यंत गरीब मजूर माणसं आहेत, त्यांना खोटं गुंतवलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. भरपाई, प्रत्येकी पाच लाख.

घरात दर महिन्याला रद्दी जाते. तो पेपर जात नाही. मी एकदा काढून ठेवला होता, दुसऱ्या दिवशी परत डब्याखाली.

खरं सांगायचं तर संध्याकाळी मला रडू आलं, आणि ते त्या सहा जणांसाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. या घरात सगळं न बोलता चालतं आणि न बोललेलं ओळखायचं काम माझ्याकडे. दादा पुण्याहून रविवारी फोन करतो, "बाबा कसे आहेत?" मी म्हणते, बरे आहेत. मी कशी आहे हे त्याने विचारल्याचं आठवत नाही. डोळ्यांत थेंब मी घालायचे, डबा मी भरायचा, पुस्तक मी वाचायचं, आणि नेमक्या पानावर "राहू दे". मला कुणी काही सांगायचंच नाही का? भांडी घासताना हे सगळं मनात चाललं होतं.

ताक द्यायला गेले तेव्हा बाबा आपणहून म्हणाले, "चाकू निघाला होता. माझ्यासमोरच निघाला."

मी उभीच राहिले.

"पण तो पोरगा आमच्या मागे होता. हवालदार पुढे. सरळ चालत गेला आणि उंबराच्या मुळाशीच उकरलं. इकडे तिकडे बघितलं नाही."

"मग कोर्टात हे सांगितलं नाहीत?"

"वकिलाने विचारलं, चाकू तुमच्यासमोर निघाला का? मी म्हटलं, हो. पुढे कोण चालत होतं, हे कुणी विचारलंच नाही."

खोटं बोलले नव्हते. इतकी वर्षं मी मनात धरून होते की बाबांनी न बघता सही केली असणार. त्यांनी बघितलं होतं, नीट बघितलं होतं, उंबरासकट. आणि तेच घेऊन ते बसलेत. कोर्टात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं, साक्षीदाराला तसंच बजावलेलं असतं. बाबांनी आयुष्यभर गिऱ्हाईकाला मागितलेलंच भांडं दाखवलं, न मागितलेलं काढलं नाही, आणि पिंजऱ्यातही तसेच उभे राहिले. मला त्यांचा राग यायला हवा होता बहुतेक. आला नाही. संध्याकाळचं ते माझं रडणंही कुठे गेलं कळलं नाही. हे असेच आहेत. मीही काही फार वेगळी नाही, दादाला "बरे आहेत" सांगून फोन ठेवणारी.

कादंबरीचा शेवट मी मघाशी एकटीनेच वाचून काढला. खरा खुनी मालकाचा मेव्हणा. त्याने कट कसा रचला ते तीन पानं समजावून सांगितलंय. वॉचमनबद्दल एकच वाक्य आहे, "त्याला त्याच संध्याकाळी सोडण्यात आलं." इन्स्पेक्टरला एवढ्या मायेने रंगवणाऱ्या लेखकाला या माणसाचं गाव, त्याची नोकरी, त्याला दारात कोणी उभं केलं का, हे लिहावंसं वाटलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

बाबांना विचारलं, तो पोरगा सुटला का? म्हणाले, "निकालाला मी गेलो नाही. सीझन होता, लग्नसराई." नाव मात्र त्यांना पूर्ण आठवतंय, वडिलांच्या नावासकट. सालही. मी म्हटलं, मीनाताई कोर्टात असते, जुन्या निकालाची नक्कल निघते का तिला विचारते. नको म्हणतील असं वाटलं होतं. म्हणाले, "अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लागेल. सकाळी लवकर जा, नंतर तिथे रांग असते."