काट्यावरची अर्धी पावती

दसरा उलटला की जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात रात्र उशिरा होते. चोपडा, धरणगाव, एरंडोलकडून आलेल्या कापसाच्या गाड्या फाटकापासून रस्त्यापर्यंत रांगेत उभ्या असतात, शेतकरी ट्रॉलीखाली घोंगडी पसरून आडवे झालेले असतात आणि वजनकाट्याच्या खोलीतला दिवा जळत असतो. जळगाव जिल्ह्यातील अशाच एका कारखान्याचे संगणक मी काही वर्षांपासून सांभाळतो. माझ्या हिशेबाने रात्र ठीक अकराला होत असे, कारण त्या वेळी सर्व्हरवरील, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक संगणकावरील, दिवसभराच्या नोंदींचा बॅकअप, म्हणजे जपून ठेवायची प्रत, सुरू होई. त्याला पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ कोणी नोंदींना हात लावू नये, एवढीच माझी अपेक्षा असते.

पावणेअकराला मी सर्व्हरवर उघड्या फाइलींची यादी काढतो. तिच्यात कोणाचे नाव, कोणता संगणक आणि किती वेळ हालचाल नाही, हे सगळे दिसते. त्यातली बहुतेक नावे माणसांची नसून रिकाम्या खुर्च्यांची असतात. हिशेब विभागातले एक ज्येष्ठ अण्णा सहा वाजता मॉनिटरचे बटण दाबून घरी जातात, आणि पडदा काळा झाला म्हणजे संगणक झोपला, अशी त्यांची श्रद्धा आहे. एक ताई पासवर्ड विसरण्याच्या धास्तीने सोमवारी आत शिरतात त्या शनिवारीच बाहेर पडतात. आमच्याकडे दुकान 'बंद' करत नाहीत, 'वाढवतात'. संगणकही वाढवायचा असतो, हे मात्र कोणाच्या गळी उतरत नाही.

पहिली दोन वर्षे मीही या खुर्च्यांकडे दुर्लक्ष केले. सकाळी अहवालात 'काम पूर्ण, ३ फाइली वगळल्या' असे दिसे आणि हजारो फाइलींत तीन म्हणजे काय, असे म्हणून मी चहा घ्यायला जाई. मग एका डिसेंबरात सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप परत चढवला, तेव्हा त्या तीन फाइली कोणत्या होत्या ते कळले. पावत्या, पावत्यांची अनुक्रमणिका आणि शेतकऱ्यांची खाती! वगळली जाते ती उघडी फाइल, आणि उघडी असते तीच फाइल रोज बदलत असते. घरातली सगळी भांडी नीट बांधून नेली आणि चुलीवरचे तेवढे राहिले, असा तो प्रकार होता. पावत्यांच्या कार्बन प्रती पुढ्यात घेऊन दोन जणांनी दोन दिवस नोंदी केल्या. त्या दोन दिवसांत माझ्याशी कोणी फारसे बोलले नाही आणि ते योग्यच होते.

त्यानंतर मी कडक झालो. अकराचा ठोका पडला की यादीतल्या सगळ्यांची सर्व्हरशी जोडणी तोडायची, विचारपूस नाही. या शिस्तीचा मला थोडा अभिमानही वाटू लागला होता. तिसऱ्याच आठवड्यात सव्वाअकराला काट्यावरच्या नानांचा फोन आला. "भो, पावती कोठे गई?"

काट्याचे काम दोन टप्प्यांत होते. भरलेली गाडी एकदा तोलतात, मग ती आत जाऊन कापूस ओतते आणि रिकामी झाल्यावर पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा माल. आमच्या जुन्या प्रोग्रामात पावती पक्की होते ती दुसऱ्या वजनानंतरच. मी तोडले तेव्हा एका ट्रॅक्टरचे पहिले वजन पडद्यावर होते आणि ट्रॉली आत रिकामी होत होती. कापूस ढिगात मिसळला की तो पुन्हा ट्रॉलीत भरून तोलता येत नाही. नशीब एवढेच की नानांचा माझ्यापेक्षा बिडीबंडलाच्या कागदावर जास्त भरवसा आहे. त्यावर पेन्सिलीने ६,२४० लिहिलेले होते. रिकामी गाडी ४,१५० भरली, म्हणजे २,०९० किलो, जवळजवळ एकवीस क्विंटल. तो शेतकरी शेकोटीपाशी बसून होता आणि आपला हंगाम काही मिनिटे एका बिडीच्या कागदावर लटकला होता, हे त्याला कोणी सांगितले नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. विंडोजच्या सर्व्हरवर प्रत्येकाच्या लॉगिनची वेळ ठरवता येते, पण तेवढ्याने नवा माणूस आत येत नाही इतकेच. आधीपासून आत असलेल्याला बाहेर काढायला आणखी एक नियम वेगळा लावावा लागतो. युनिक्समध्ये तर यंत्र बंद न करता फक्त बंद होणार असल्याचा इशारा सगळ्यांना पाठवण्याची सोय आहे. मला ती फार आवडते, पण 'लांडगा आला रे आला' किती दिवस चालणार? विंडोज सर्व्हर २००३ पासून शॅडो कॉपी आली आणि उघड्या फाइलींचीही एका क्षणाची प्रत मिळू लागली. ती प्रत कशी असते, हे खानदेशातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही, कारण ऐन कामात वीज गेल्यावर डिस्कवर जे असते तेच तिच्यात असते. ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हरसारखे डेटाबेस प्रत्येक बदल आधी स्वतःच्या रोजकीर्दीत टिपून ठेवत असल्याने त्या अवस्थेतूनही सावरतात. आमचा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या जुन्या फॉक्सप्रोतला, ज्याचा आधार कंपनीने २०१५ मध्ये थांबवला. त्याला रोजकीर्द ठाऊक नाही, म्हणून त्याची अर्धी नोंद प्रतीतही अर्धीच राहते. नवा प्रोग्राम घेण्याचे दर दिवाळीला ठरते आणि सरकीचा भाव पाहून पुढे ढकलले जाते.

तोवर माझी स्वतःची रीत अशी बसली आहे. ज्या नावापुढे दोन तासांहून अधिक शांतता असते, ती खुर्ची रिकामी समजून पावणेअकराला तोडतो; त्याआधी अण्णांच्या घरी एकदा फोन करतो, कारण त्यांनी एखादे व्हाउचर अर्धे ठेवलेले असू शकते आणि ते त्यांना जेवताना हमखास आठवते. काट्याला मात्र हात लावत नाही. बॅकअपची अकराची ठरलेली वेळ मी काढून टाकली आहे. नानांना विचारले, तर "आजून दोन गाड्या शेतस" (अजून दोन गाड्या आहेत) असे उत्तर येते, आणि त्यांच्या दोन गाड्या कधी पाऊण तासाच्या असतात, कधी दीड तासाच्या. शेवटची रिकामी ट्रॉली काट्यावरून उतरली, पावती छापून निघाली, की ते संगणक वाढवतात आणि मला एक मिस्ड कॉल देतात. काल तो बारा वाजून दहा मिनिटांनी आला. मी उचलला नाही, बॅकअप सुरू केला.