एका कानाची दुपार

दुपारी पेपर घेऊन खुर्चीत जरा टेकलो होतो तेवढ्यात उजव्या कानात टिंगटुंग झालं. हे टिंगटुंग फक्त मलाच ऐकू येतं, शेजारी बसलेल्याला पण नाही, आणि त्याचा अर्थ एवढाच की कानाच्या मशीनची बॅटरी संपत आली, बघा बुवा. मी काही बघितलं नाही. थोड्या वेळाने परत टिंगटुंग, आणि मग कुणीतरी उजवीकडची खिडकी लावून घ्यावी तसं सगळं बंद. पंखा आता फक्त डावीकडे फिरत होता.

उठायला हवं होतं. बॅटऱ्यांचं पाकीट ड्रॉवरमध्येच असतं, चार पावलांवर. पण दुपारी चार पावलं म्हणजे काय असतं ते वय झाल्यावरच कळतं, त्यामुळे बसलो तसाच एका कानावर.

या बॅटऱ्यांची एक गंमत आहे. ३१२ नंबर, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान, आणि पाठीवर तपकिरी स्टिकर. तो स्टिकर काढला की खालची बारीक भोकं उघडी पडतात, त्यातून हवा आत जाते, हवेतला ऑक्सिजन आतल्या जस्ताला भेटतो आणि मग बॅटरी जागी होते. म्हणून स्टिकर काढून मिनिटभर तशीच ठेवायची आणि मग मशीनमध्ये घालायची. मला सुरुवातीला हे कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मला ऐकू आलं नसेल, मी आपला स्टिकर काढला की लगेच कोंबायचो आणि बॅटऱ्याच फालतू निघाल्या म्हणून कुरकुरायचो. शिवाय एकदा स्टिकर काढला की परत लावून उपयोग नाही, ती आपली संपतच जाते. आणि ते स्टिकर! बोटाला चिकटतात, बोटावरून बाहीला, बाहीवरून पेपरला. एकदा सकाळभर गालावर घेऊन हिंडलो, कुणी काही बोललं नाही, म्हाताऱ्याच्या गालावर काहीही असू शकतं असं लोकांना वाटत असावं.

मशीन घ्यायच्या आधी मला ऐकू येत होतं हो. हेच कुणाला पटत नव्हतं. लोकच पुटपुटायला लागले होते. सगळे, एकदम, साधारण माझ्या रिटायरमेंटच्या सुमारास. ही म्हणायची "किती वाजले?" आणि मी म्हणायचो "कुठे वाजली शिटी, मी नाही ऐकली." एकदा हिने सांगितलं वरच्या मजल्यावरच्या मुलाला ताप आलाय, मी ऐकलं साप आलाय, आणि काठी घेऊन जिना चढलो. दार उघडणाऱ्या त्या मुलाच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो. नंतर कळलं की यात माझा काही दोष नव्हता, स्वर शाबूत होते, व्यंजनं गेली होती. 'आ' तेवढा घरपोच येतो, पण त, स, श, फ ही मंडळी तार आवाजातली आणि हळू, ती वाटेतच गळतात. मग गाळलेल्या जागा मेंदूने आपल्या मनाने भरायच्या. माझा मेंदू साप भरतो, दुसऱ्या कुणाचा आणखी काही भरत असेल.

चार माणसांत बसलं की तर वेगळीच कसरत. सगळे हसले की अर्धा सेकंद मागे राहून आपण पण हसायचं. "हो ना, हो ना" हे दोन शब्द कुठल्याही वाक्यानंतर चालतात हा माझा शोध. मात्र एकदा एक गृहस्थ बराच वेळ काहीतरी सांगत होते आणि मी हसून म्हणालो "वा, छान झालं." ते त्यांच्या भावाच्या ऑपरेशनबद्दल सांगत होते, आणि ऑपरेशन छान झालं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. पुढच्या आठवड्यात मी तपासणीला गेलो.

तपासणी म्हणजे एका जाड दाराच्या पेटीत बसवतात, कानावर हेडफोन आणि हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. आधी सोपं असतं, मग आवाज इतके बारीक होतात की तो हेडफोनमधला टूं आहे का आपल्याच डोक्यातली कायमची शिटी आहे ते कळेनासं होतं. मी तोंडी परीक्षेतल्या मुलासारखं अंदाजाने दाबायला लागलो, हा झाला, आता पुढचा, आता दाबू. बाहेर बसलेल्या बाई काचेतून हसल्या. त्यांना असे रोज येत असणार, त्या मुद्दाम मध्ये गप्प राहतात.

मग कागद हातात दिला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. कागदाच्या डाव्या टोकाला २५० हर्ट्झ म्हणजे खर्जातला आवाज, उजव्या टोकाला ८००० म्हणजे तार, आणि जितकी खूण खाली तितकं कमी ऐकू येतं. माझा कागद बागेतल्या घसरगुंडीसारखा होता, सुरुवातीला सपाट आणि मग दोन्ही कान हातात हात घालून खाली. बाईंनी समजावलं, प्रत्येक कानात आतल्या शंखात साधारण १५,००० केसाळ पेशी असतात, त्यातल्या तार आवाजाच्या शंखाच्या अगदी दाराशी, आणि वयाबरोबर आधी त्याच जातात. गेल्या त्या परत येत नाहीत. कोंबड्यांच्या येतात, माणसाच्या नाहीत. कोंबडीचा हेवा करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

पहिले आठ दिवस मी ही मशीनं परत करायच्याच विचारात होतो. पेपरचं पान उलटलं तर कुणीतरी पत्रा ओढतंय असं वाटायचं. स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. मिठी मारायला कुणी जवळ आलं की कानात शिटी. खोकला आला तर मीच दचकायचो. फोन केला तर बाई म्हणाल्या काढून ठेवू नका, दिवसभर घाला, मेंदू हे आवाज विसरलाय, त्याला परत ओळख व्हायला वेळ लागतो, काही आठवडे जातील. बरोबर होतं त्यांचं. तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात कुठल्याशा फॉर्मवर सही करत होतो आणि पेन कागदावर करकरलं. मी थांबलो. परत सही केली, खाली, जिथे नको होती तिथे. पेनाला आवाज असतो हे मी विसरूनच गेलो होतो, आणि विसरलोय हे पण माहीत नव्हतं.

टीव्हीचा आवाज पूर्वी ३८ वर असायचा, त्यावरून घरात रोज व्हायचं. आता मला १६ पुष्कळ. तरी संध्याकाळी बाहेर येऊन बघतो तर २७. मी म्हटलं "आता कुणासाठी?" ही म्हणाली "सवय झालीये तुमच्यामुळे." असेल.

ज्याला कमी ऐकू येतं त्याला सगळ्यात जास्त काय टोचतं म्हणाल तर ओरडून बोललेलं नाही. टोचतं ते "काही नाही, जाऊ दे." तुम्ही विचारता "काय?", समोरचा परत सांगतो, तुम्ही दुसऱ्यांदा "काय?" म्हणता, आणि मग हात हलवून "काही नाही, जाऊ दे." साधंच काहीतरी असतं, मांजर बघा कशी बसलीये, एवढंच असेल. पण ती मांजर तुम्हाला मिळत नाही. अशा कितीतरी मांजरी माझ्या मधल्या सात-आठ वर्षांत हुकल्या.

आमच्या आजोबांकडे कानाचं मशीन होतं ते खिशात ठेवायचं. काड्यापेटीहून जरा मोठा डबा सदऱ्याच्या खिशात, त्यातून एक वायर वर कानापर्यंत, आणि कानात गुलाबी बूच. ट्रान्झिस्टर म्हटलं की आपल्याला रेडिओच आठवतो, पण तो आधी कानाच्या मशीनमध्ये गेला, १९५२ साली, रेडिओत १९५४ साली. ज्या बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत तो जन्मला तिने कानाची मशीनं करणाऱ्यांकडून त्याची रॉयल्टी घेतली नाही, ग्रॅहॅम बेलची आई आणि बायको दोघी बहिऱ्या होत्या आणि तो स्वतः बहिऱ्या मुलांना शिकवायचा, त्याच्या आठवणीखातर. डेसिबलमधला बेल तोच. माझ्या त्या घसरगुंडीच्या कागदाच्या कडेला पण तोच उभा आहे.

तर आजोबांच्या डब्याला एक दातेरी चाकी होती, आवाज कमी-जास्त करायला. आम्हाला कानाडोळा करावा लागतो, त्यांना चाकी फिरवली की झालं. आत्या बोलायला लागली की त्यांचा अंगठा हळूच खिशाकडे जायचा, हे आम्ही पोरांनी टिपलं होतं.

आणि आम्ही आणखी एक टिपलं होतं. सुट्टीत सगळी चुलत-आते भावंडं जमलेली, पावसाने घरात कोंडलेली, कुणाच्या डोक्यातून निघालं ते आठवत नाही, कदाचित माझ्याच. आजोबांसमोर जायचं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. आजोबा पुढे वाकले, चाकी थोडी फिरवली. आम्ही ओठ हलवतोय. आणखी फिरवली. डबा खिशातून काढून हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, चाकी शेवटपर्यंत नेली. आणि आम्ही पाच जण एकदम ओरडलो.

ते ओरडले नाहीत. डोळे गच्च मिटले, कानातलं बूच काढलं, आणि वायर डब्याभोवती गुंडाळायला लागले. सावकाश, एक वेढा, दुसरा वेढा, अगदी नीट. डबा खिशात ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बसले. संध्याकाळपर्यंत बूच परत घातलं नाही. आम्ही हसत पळालो होतो, पण मी दारातून परत वाकून बघितलं होतं, म्हणून ते वेढे माहितीयेत. घरात कुणाला त्यांनी सांगितलं नाही. परवा स्टीलचं ताट माझ्या मागे फरशीवर पडलं आणि कवटीत खिळा ठोकल्यासारखं झालं, तेव्हा इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा डोळे गच्च मिटले आणि मला तो खिडकीकडे वळलेला पाठीचा सदरा दिसला. आजच्या मशीनला मोठे आवाज आपोआप दाबायची सोय आहे. त्यांच्या डब्याला कितपत होती देव जाणे.

असो. शेवटी उठलो. ड्रॉवरमध्ये पाकीट नव्हतं. ही आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, पाकीट कुठे ठेवलंस?"

"काय?"

"पाकीट! कुठे ठेवलंस?"

"तिकीट? कुठलं तिकीट? कुठे जायचंय तुम्हाला?"

मी दारात उभा होतो. ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मला तो टीव्हीवरचा २७ आठवला.

"काही नाही गं, जाऊ दे," मी म्हणालो, आणि डाव्या कानाने मला ते स्वच्छ ऐकू आलं.

पाकीट पेपरखालीच होतं. स्टिकर काढला, बॅटरी तळहातावर ठेवली आणि मिनिट मोजत उभा राहिलो. मग आत जाऊन तिच्या समोर बसलो आणि म्हटलं, पाकीट म्हणत होतो मी, बॅटऱ्यांचं पाकीट. ती म्हणाली, मग नीट बोला की, पुटपुटता कशाला.