तुम्ही विचारलंत म्हणून : शत्रू मूर्ख असला की गोष्ट संपते

"तुम्हाला आपल्या जवानांवरचे सिनेमे आवडत नाहीत का हो?" गावात छोटा फिल्म क्लब चालवतो म्हणून हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. कधी सरळ, कधी जरा आडून: "सर, तुमचे युद्धपट नेहमी परदेशातलेच कसे?" त्यात आमचा जिल्हा सातारा. इथे विचारणाऱ्याच्या घरातलं नाहीतर भावकीतलं कुणीतरी फौजेत असतंच. अपशिंगे गाव नावाला 'मिलिटरी' जोडूनच ओळखलं जातं, आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. अशा ठिकाणी हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही, म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

आवडतात. सिनेमानं बाजू घेतली यालाही माझी हरकत नाही. युद्धपटासाठी रणगाडे लागतात, विमानं लागतात, आणि ती कुठल्यातरी सरकारकडूनच मागून आणावी लागतात. फुकट कोण देतं? २०२० साली संरक्षण मंत्रालयानं सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून सुचवलं, की सैन्यावरच्या चित्रपटांना आणि मालिकांना आधी मंत्रालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायला सांगावं. अमेरिकेत पेंटॅगॉन, म्हणजे तिथलं संरक्षण खातं, मदत देण्याआधी पटकथा वाचून घेतं, हे तर फार जुनं आहे. त्यामुळे तटस्थ युद्धपटाची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. बाजू घेताना दिग्दर्शक गोष्टीचा गळा कसा दाबतो, एवढीच माझी तक्रार आहे.

'बॉर्डर'चंच उदाहरण घेऊ, कारण वाद नेहमी त्याच्यावरूनच पेटतो. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धातल्या लोंगेवालाच्या लढाईवरचा हा सिनेमा १३ जून १९९७ ला आला. 'संदेसे आते हैं' लागलं की आजही माझ्या पोटात कालवतं, ते नाकारत नाही. पण लोंगेवालाला खरं काय झालं ते बघा. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, राजस्थानचं वाळवंट, ठाण्यावर '२३ पंजाब' या पलटणीचे साधारण १२० जवान. सीमेकडे गेलेल्या गस्तीला रणगाड्यांची घरघर ऐकू येते. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी वर कळवतात. उत्तर येतं: थांबा, नाहीतर पायी माघार घ्या. मागे जायला गाड्या नाहीत, पहाटेपर्यंत मदत नाही. जैसलमेरला हंटर विमानं उभी आहेत, पण त्यांना रात्री लढता येत नाही. समोरून चाळीसच्या आसपास रणगाडे येताहेत. चांदपुरी थांबायचं ठरवतात.

पुढची हकीकत तर कुठल्याही पटकथाकारानं सोन्यानं मढवावी अशी. ठाण्याभोवतीची काटेरी तार पाहून पाकिस्तानी तुकडीला वाटलं, पुढे सुरुंग पेरलेत. सुरुंग शोधण्यात त्यांचा मोलाचा वेळ गेला. काही रणगाडे मऊ वाळूत रुतले. हवाई संरक्षणाशिवाय त्यांच्या सेनापतीनं एवढं आत घुसायचा जुगार खेळला होता, आणि सूर्य उगवला की आपलं काय होणार हे त्यालाही कळत असणार. उजाडलं, हंटर आली आणि उघड्या वाळवंटात रणगाडे टिपले गेले. विमानातून काढलेल्या एका फोटोत त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या दिसतात, जीव वाचवायला गोल गोल फिरलेल्या. भारताच्या बाजूनं मेले दोन जवान. चांदपुरींना महावीर चक्र मिळालं.

या सगळ्या प्रसंगाचा जीव घड्याळात आहे. दोन्ही बाजू एकाच सूर्योदयाकडे डोळे लावून बसल्या आहेत, एक आशेनं, दुसरी धास्तीनं. सिनेमात पहाटही आहे आणि विमानंही आहेत, पण मधली रात्र आरोळ्या आणि हौतात्म्य यांनी गच्च भरली आहे. आपल्याला लळा लागलेली बहुतेक पात्रं एकेक करून मरतात. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड खऱ्या नावानिशी पडद्यावर आले आणि खऱ्या नावानिशी मेले. प्रत्यक्षात ते सिनेमा आल्यानंतरही २५ वर्षं जगले. डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला वारले. जिवंत माणसाला मारून टाकण्याची गरज का पडली? मला वाटतं, दोनच मृत्यू झाले तर शौर्य कमी दिसेल, ही ती भीती. खरं तर एवढ्या थोड्या माणसांनी एवढी मोठी चढाई रोखावी आणि दोघांनाच गमवावं, यात जास्त शौर्य आणि कितीतरी जास्त डोकं आहे.

आणि पाकिस्तानी अधिकारी? तो नुसता गुरकावतो. आमच्या भागात कुस्ती बघणाऱ्याला हे लगेच कळेल. नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरलेली, लावली की मैदान शिट्ट्या मारून उठतं, मग जिंकणारा आपल्याच तालमीचा का असेना. समोरच्याच्या अंगात ताकद नसेल तर आपल्या पैलवानाचं कौतुक कशाचं करायचं? सगळ्यावर कडी म्हणजे शेवटचं गाणं, 'मेरे दुश्मन मेरे भाई'. जावेद अख्तरांचे शब्द चांगलेच आहेत. पण ज्याला आता भाऊ म्हणायचं, त्याचा चेहरा तीन तासांत एकदाही माणसासारखा दाखवलेला नाही. भाऊ कोण, हेच प्रेक्षकाला ठाऊक नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्या माझ्या मामांचा आक्षेप निराळा होता. ते म्हणायचे, "अरे, यात कुणी मोर्चा खणतच नाही." त्यांच्या आठवणीतली फौज म्हणजे दिवसभर खणणं, पोती भरणं, फोनची तार ओढणं. पडद्यावर मात्र जवान एकतर गातो नाहीतर गर्जतो.

कुणी म्हणेल, तुम्हाला देशप्रेमाचंच वावडं आहे. तसं असतं तर मी चेतन आनंदांचा 'हकीकत' दाखवला नसता. १९६४ चा, १९६२ च्या पराभवावरचा. त्यातले चिनी सैनिक निव्वळ बुजगावणी आहेत, आणि दिल्लीला हा सिनेमा एकही अवघड प्रश्न विचारत नाही. एकतर्फी म्हणाल तर पुरता एकतर्फी. तरी तो धरून ठेवतो, कारण लडाखच्या थंडीत मागे सरकणाऱ्या त्या तुकडीला आधी गोळी चालवायची परवानगी नाही, आणि ही अडचण पडद्यावर दर क्षणाला जाणवते. शत्रू कच्चा असला तरी परिस्थिती कच्ची नाही.

२०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकवरच्या 'उरी'बद्दल विचारतात, म्हणून तेही सांगून टाकतो. कारागिरी उत्तम, दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण मोहीम कुठे अडेल अशी धाकधूक मला एकदाही वाटली नाही. ११ जानेवारी २०१९ ला सिनेमा लागला. १९ तारखेला मुंबईत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी त्यातलाच संवाद सभागृहाला विचारला, "हाउज द जोश?" लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. संवाद एवढा सहज घोषणा होतो, तेव्हा तो मुळात कुठल्या माणसाच्या तोंडी होता याची आठवण कुणाला राहत नाही.

हा रोग आपलाच नाही. अमेरिकन नट जॉन वेननं व्हिएतनाम युद्धाच्या समर्थनासाठी 'द ग्रीन बेरेज' काढला, १९६८ मध्ये. त्याआधी त्यानं थेट राष्ट्राध्यक्ष जॉन्सनना पत्र लिहिलं होतं. चित्रीकरण जॉर्जियातल्या लष्करी तळावर झालं, त्यामुळे व्हिएतनामच्या जंगलात पाइनची झाडं दिसतात. शेवटी सूर्य समुद्रात बुडतो, आणि व्हिएतनामचा तो किनारा आहे पूर्वेला! त्यात युद्धावर शंका घेणारा एक पत्रकार आहे. शेवटी त्याचं मतपरिवर्तन व्हावं, एवढ्यासाठीच त्याला आणलेला. प्रतिवाद इतका सोयीचा असला की न आणलेला बरा.

युद्धाविरुद्ध बोलणारेही सुटत नाहीत. व्हिएतनाम युद्धावरच्याच 'द डिअर हंटर'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यातला युद्धकैद्यांना रशियन रूलेट, म्हणजे एकच गोळी भरलेलं पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावून चाप ओढायचा खेळ, खेळायला लावण्याचा प्रसंग डोक्यातून जात नाही, पण असं घडल्याचा पुरावा नाही. तिथे दुःख सगळं अमेरिकन माणसाचं. व्हिएतनामी माणूस फक्त पिस्तूल पुढे करतो. आणि आपल्याकडे २०२० चा 'गुंजन सक्सेना' बघा. कारगिलमध्ये हेलिकॉप्टर उडवणाऱ्या वैमानिकेला खलनायक हवा, म्हणून या वेळी तो तिच्याच तळावर सापडला. हवाई दलानं सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून नाराजी कळवली. दलानं आपल्याला समान संधी दिली, असं खुद्द गुंजन सक्सेना यांनीही सांगितलं. बाजू बदलली, आळस तोच राहिला.

मग बाहेरचे सिनेमे का दाखवतो? अल्जीरियाच्या फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यावरच्या, १९६६ च्या 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स'साठी. हा सिनेमा तर थेट जिंकलेल्या बाजूचा. अल्जिअर्सच्या लढ्यातला एक म्होरक्या, सादी यासेफ, त्याचा निर्माता, आणि स्वतःवरच बेतलेली भूमिका त्यानं त्यात केली आहे. दिग्दर्शक जिलो पोंतेकोर्वो यांची सहानुभूती कुणाकडे आहे हे पहिल्या काही मिनिटांत कळतं. तरी त्यात क्रांतिकारकांच्या बाजूची बाई बाँब ठेवायला फ्रेंच कॅफेत जाते, तेव्हा कॅमेरा तिथल्या गिऱ्हाइकांचे चेहरे एकेक करून बघतो. त्यात आइस्क्रीम खाणारं एक लहान मूल आहे. बाई बघते, पिशवी ठेवते, निघून जाते. लढा न्याय्य आहे हे मत सिनेमा मागे घेत नाही, आणि त्या मुलावरून नजरही काढत नाही. फ्रेंच कर्नल मॅथ्यू तर सगळ्यात हुशार पात्र. पत्रकार परिषदेत तो छळाचं समर्थन इतक्या थंड तर्कानं करतो, की आपल्याला उत्तर शोधावं लागतं. २००३ मध्ये इराक युद्धाच्या वेळी पेंटॅगॉननं हा सिनेमा आपल्या अधिकाऱ्यांना दाखवला. शत्रूची बाजू मांडणारा सिनेमा आपल्याला उपयोगी पडेल असं फौजेला वाटलं, हे प्रश्न विचारणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावं.

हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग सुरुवात कशानं करू? आधी 'हकीकत' बघा, गाणी न पळवता. मग 'अल्जिअर्स'. कृष्णधवल आहे, उपशीर्षकं वाचावी लागतील, घरच्यांना आधी सांगून ठेवा. त्यानंतर 'बॉर्डर' पुन्हा लावा आणि ठाण्यावर रात्रीचे किती वाजलेत, हे कुठल्या प्रसंगात कळतं तेवढं बघत जा.