न्यायदेवता साच्यातून निघाली, आता संयम हातात घेतलाय

मंडळी, अपडेट देतो. विवेक, न्याय, धैर्य, संयम या चार सद्गुणांचा सेट करतोय, युरोपात जुन्या कोर्टांवर, टाऊन हॉलवर बाईच्या रूपात उभे असतात ते. त्यातली न्यायदेवता झाली, पीओपीची कॉपी एकदम स्वच्छ निघाली. साईज हातभरच, पण ठेवायची उंच कपाटावर आणि बघायची खालून, कारण खऱ्या मूर्ती आपल्याला कायम खालूनच दिसतात ना.

आणि खालून बघायचं म्हटलं की सगळी मापं बदलतात. टेबलावर अगदी प्रमाणात असलेली मूर्ती वर चढवली की डोकं बारीक वाटतं, धड आखूड होतं आणि हनुवटीच्या मागे चेहरा लपतो. म्हणून धड जरा लांबवलं, मान पुढे झुकवली आणि डोळ्यांच्या खाचा चांगल्या खोल कोरल्या, कारण तिथं सावली धरली नाही तर लांबून डोळे दिसतच नाहीत. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो की मी आधी बाहेर येऊन घुमटाकडे बघतो. वरची ‘प्रगती’ची मूर्ती तशी सद्गुणांतली नाही, पण शिल्पकार थॉमस अर्पनं काय केलंय बघा, उजव्या हातात वर धरलेली मशाल, डाव्या हाताशी चाक, बस्स! मूर्ती 16 फुटांच्या वर आहे तरी रस्त्यावरून चेहरा कुठं कळतो, ओळख पटते ती त्या हातातल्या वस्तूंवरूनच.

पट्टी बांधली नाही मी. लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी कोर्टावर शिल्पकार पॉमरॉयची न्यायदेवता आहे, 1907 ची इमारत, तिच्याही डोळ्यांवर पट्टी नाही, आणि आपल्या सुप्रीम कोर्टातली जी नवीन मूर्ती 2024 ला चर्चेत आली तिचे डोळे उघडेच आहेत, तलवारीच्या जागी संविधान. मला हे जास्त पटतं, न्याय करणाऱ्यानं समोरच्याकडे बघितलं पाहिजे. तलवार मात्र ठेवलीय, खालून ती उभी रेघ फार छान दिसते.

तराजू शाडूत केलाच नाही. शाडू वाळताना आकसतो, आतली तार आकसत नाही, मग बारीक भागाला तडा जाणारच, त्यात आपल्या सोलापूरचं ऊन! जुना टर्किश टॉवेल ओला करून पिळून गुंडाळायचा, वरून प्लॅस्टिक, तरी दुपारी एकदा पाणी मारावंच लागतं. तराजूची दांडी पितळी तारेची आणि पारडी पितळी पत्र्याची ठोकून घेतली, कास्टिंग झाल्यावर बसवली.

आता संयम. नेहमीची पद्धत म्हणजे एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतणारी बाई, वाईनमध्ये पाणी मिसळून तिची तीव्रता कमी करायची असा अर्थ. पण ती पाण्याची धार हवेत तोलायची कशी, आणि खालून तर ती दांड्यासारखी दिसते. इटलीत पादुआच्या चॅपलमध्ये चित्रकार जोत्तोनं संयमाच्या तोंडातच लगाम दिलाय आणि तलवार म्यानाला गुंडाळून बांधून टाकलीय, सातशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे पण अजून अंगावर येतं. मी लगाम हातात देणार, मूठ घट्ट आवळलेली आणि चेहरा एकदम शांत. आर्मेचर (आतला तारेचा सांगाडा) बांधून झालंय, मुठीवर काम चालू आहे. लगामाच्या पट्ट्यांना पातळ शिशाचा पत्रा चालेल की सुतळी पीओपीत बुडवून लावू, कुणी केलं असेल तर सांगा.