आधी ओढा, मग रस्ता, मग प्लॉट

कोल्हापूरजवळ पाचगावच्या पुढं, गिरगावच्या वाटेला एका भावकीची जमीन आहे. वीस-एक एकर, चार वाटण्या, एक सामाईक विहीर आणि मधून जाणारा ओढा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर शहरातल्या माणसांची नजर या उंच बाजूला वळली, ते साहजिकच आहे. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. ज्याच्या माजघरात ते शिरलं, तो पुन्हा नदीकाठी प्लॉट बघेल कशाला? तर या भावकीनं तुकडे पाडून विकण्याऐवजी सगळ्यांनी मिळून एकच लेआऊट करायचं ठरवलं आणि नकाशाचं काम माझ्याकडं आलं.

पुराला भिऊन माणसं वर चढली, पण वर ऊन आहे. मुरमाड उतार, झाडं फक्त बांधाला आणि ओढ्याकडेला. आपल्याकडचा उन्हाळा सोलापूर-जळगावसारखा नाही, म्हणून आपण निवांत असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, मधेच वळीव येतो आणि रात्र गार होते. ही गार रात्रच उपनगरांतून निघून चालली आहे. काँक्रीटचा रस्ता, घराभोवती कंपाउंडपर्यंत पेव्हिंग ब्लॉक, वर उघडा स्लॅब, हे सगळं दिवसभर ऊन पितं आणि रात्री घरातल्या माणसांना परत देतं. एप्रिलमध्ये रात्री दहा वाजता अशा अंगणातल्या ब्लॉकवर अनवाणी उभं राहून बघा आणि मग शेजारच्या मोकळ्या रानातल्या मातीवर.

घर बांधून झाल्यावर यावर फारसा इलाज उरत नाही. ऊन किती लागणार, वारा कुठून येणार, हे लेआऊटचा नकाशा निघतो त्या दिवशीच ठरतं. म्हणून मी पहिल्या बैठकीला प्लॉटचा एकही आकडा न घालता नुसता ओढा, उतार आणि झाडं काढलेला कागद नेला. सगळ्यांत थोरले आबा बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. "मॅडम, प्लॉट कुठं हाईत ह्यात?"

नेहमीची रीत अशी की आधी जास्तीत जास्त प्लॉट बसवायचे, मग जो वाकडा तिकोनी तुकडा उरेल तो ओपन स्पेस. नियमात दहा टक्के सोडायचे असतात, ते भरले की झालं. तिथं नंतर एक गणपतीचं देऊळ आणि दोन गंजके झोपाळे येतात. आम्ही ती दहा टक्के जागा ओढ्याकाठी सोडाव्या लागणाऱ्या पट्टीला लागून लांबट घेतली. तिथं उंबर, जांभूळ, करंज आधीच उभे आहेत. पावसाचं पाणी उतारानं तिकडंच येणार, मुरणार, सामाईक विहीर टिकणार. ओढा पाइपात घालून वर प्लॉट पाडायचा सल्ला एकानं त्यांना दिला होता. कोल्हापुरात जयंती नाल्याच्या काठी राहणाऱ्या त्यांच्याच पाव्हण्यांना विचारा म्हटलं, पाण्याची वाट अडवली की काय होतं. तो विषय तिथं मिटला.

खरा वाद रस्त्यांवरून झाला. माझं म्हणणं, मुख्य गल्ल्या पूर्व-पश्चिम घ्याव्यात. संध्याकाळचा वारा गल्लीतून सरळ आत येतो आणि घरांची दर्शनी बाजू उत्तरेला किंवा दक्षिणेला येते. दक्षिणेचं ऊन उन्हाळ्यात उंचावरून येतं, दीड-दोन फुटांचा छज्जा त्याला पुरतो. पश्चिमेचं तिरकं येतं, छज्ज्याखालून थेट पलंगापर्यंत, आणि त्याला अडवायला झाडच लागतं. हे ऐकून आबांचा मधला पुतण्या, जो प्लॉट विकायचं बघणार आहे, तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक आल्या आल्या पयला प्रश्न विचारतंय, प्लॉट पूर्वमुखी हाय का? दक्षिणमुखी म्हटलं की उठून जातंय."

त्याचं खोटं नाही. लोकांच्या श्रद्धेला नावं ठेवून प्लॉट विकले जात नाहीत आणि मला ती ठेवायचीही नाहीत. म्हणून दक्षिणेच्या रांगेतले प्लॉट रुंदीला थोडे वाढवले, घर आणि कंपाउंडमधलं पूर्वेकडचं अंतर मोठं धरलं, तिथं पडवी आणि पडवीतून पूर्वेला दार. फाटक दक्षिणेला, उंबरा पूर्वेला. या बदलात मोजके प्लॉट कमी झाले. पुतण्यानं रात्रभर हिशेब केला आणि सकाळी फोनवर "चालतंय" म्हणाला. खालच्या अंगाची एक गल्ली मात्र वाटणीच्या हिशेबामुळं दक्षिणोत्तरच राहिली. तिथल्या घरांच्या मागं पश्चिमेला जादा जागा सोडून कडुनिंबाची रांग धरली आहे.

पूर्व-पश्चिम गल्लीचा एक तोटा आहेच. तीननंतरचं ऊन रस्त्याच्या लांबीनं सरळ आत येतं. शाळेतून पोरं त्याच वेळी घरी येतात. त्यामुळं झाडं हा या नकाशाचा कणा आहे. ब्लॉकमध्ये दोन फुटी भोक पाडून लावलेलं रोप जगतं, पण वाढत नाही. आम्ही रस्त्याकडेला मातीचा सलग चर ठेवला आहे, पावसाचं पाणी त्यातच उतरेल. विजेच्या तारा एका बाजूला, मोठी झाडं दुसऱ्या बाजूला, म्हणजे दर मेमध्ये लाइनमनला शेंडे छाटावे लागणार नाहीत. तारांखाली बहावा, ताम्हण अशी आटोपशीर झाडं.

शाहू महाराजांनी १९१७ साली वसवलेलं जयसिंगपूर आजही सरळ गल्ल्यांसाठी ओळखलं जातं. शंभर वर्षांपूर्वी इथं कागदावर आधी रस्ते आखून गाव बसवलं, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण असलं की माणसं ऐकतात.

घरांच्या स्लॅबवर मात्र माझा हात पोचत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात भरदुपारी सूर्य इतका डोक्यावर असतो की उभ्या काठीची सावली पडत नाही. त्या दिवसांत सगळ्यांत जास्त ऊन छपराला लागतं. पांढरी चायना मोझॅक, म्हणजे चिनीमातीच्या फरशीच्या तुकड्यांचा थर, किंवा निदान दरवर्षी चुन्याचा हात, एवढं तरी व्हावं.

म्हणून सध्या भांडण चाललंय ते खरेदीखतातल्या अटींचं. पांढरं छप्पर, पुढच्या अंगणात निम्मी जागा मातीची, चरावर गाडी लावायची नाही. पहिल्या दोन अटी सगळ्यांना मान्य आहेत. तिसरीवर वकील म्हणतात, लिहून देतो, पण पाळायची कोणी बघायची? त्यासाठी प्लॉटधारकांची सोसायटी पहिल्या विक्रीलाच नोंदवावी, असं मी सुचवलं आहे. जेसीबी लावायच्या आधी वरची काळी माती बाजूला काढून ठेवायची आणि मृगाच्या पावसात ओढ्याकाठची रोपं आधी लावून घ्यायची, हे तेवढं आबांनी आजच कबूल केलं. पाणी विहिरीचं. पहिले तीन उन्हाळे घालायचं काम धाकट्या भावानं अंगावर घेतलं आहे.